रस्त्याच्या वर एक भाव, खाली दुसरा: फ्रान्सच्या बर्गंडीत सायकलवरूनच का फिरावं?

फ्रान्समध्ये वोन-रोमाने नावाचं एक छोटं गाव आहे. गावाच्या वरच्या अंगाला, बुटक्या दगडी भिंतीआड द्राक्षाची एक बाग आहे. क्षेत्र १.८१ हेक्टर, म्हणजे आपल्या हिशेबाने साडेचार एकर. भिंतीवर एक दगडी क्रूस आहे. ना कमान, ना तिकीट खिडकी.

या बागेचं नाव रोमाने-कोंती. ऑक्टोबर २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या एका लिलावात या बागेच्या १९४५ सालच्या वाईनची एक बाटली ५ लाख ५८ हजार डॉलरला विकली गेली. आणि याच गावात, या भिंतीपासून दहा मिनिटं उताराने खाली चालत गेलं की जी बाग लागते, तिथे द्राक्षाची जात तीच, ऊन-पाऊस तोच. पण तिथली वाईन या किमतीच्या आसपासही फिरकत नाही.

असं का? याचं उत्तर पुस्तकात सापडतं, पण ते डोळ्यांनी बघायचं असेल तर सायकल हवी. चारचाकीने गेलात तर ही बाग अर्ध्या मिनिटात मागे पडते. पायी निघालात तर एका दिवसात दोन-तीन गावंच होतात. सायकलवर मात्र उतार मांड्यांना कळतो, मातीचा रंग बदललेला दिसतो, भिंत कुठे संपली ते लक्षात येतं. बर्गंडीत जमिनीचा भाव काही पावलांवर बदलतो, म्हणून तिथे फिरायला सायकलचा वेग बरोबर बसतो.

हा प्रदेश कसा आहे, तिथले मार्ग कोणते, नियम काय आणि जाण्याआधी कोणती तयारी लागते, हे सगळं एकेक करून बघू.

बर्गंडी नेमकं कुठे?

पॅरिसच्या आग्नेयेला दिजों नावाचं शहर आहे. मोहरीच्या चटणीसाठी प्रसिद्ध असलेलं ते हेच. पॅरिसहून वेगवान टीजीव्ही रेल्वेने इथे यायला साधारण एक तास पस्तीस मिनिटं लागतात.

दिजोंपासून दक्षिणेकडे सुमारे पन्नास किलोमीटर लांबीची टेकड्यांची एक रांग जाते. तिच्या पूर्वेकडच्या उतारावर बागांचा चिंचोळा पट्टा आहे. उत्तरेकडचा भाग 'कोत द न्वी'. इथे मुख्यतः पिनो न्वार या काळ्या द्राक्षाची लाल वाईन होते. दक्षिणेकडचा 'कोत द बोन'. इथल्या मर्सो, प्युलिन्यी आणि शासान्य या गावांची शार्दोने द्राक्षाची पांढरी वाईन जगभर जाते. दोन्ही भागांच्या मध्ये बोन हे तटबंदीचं गाव आहे.

या पट्ट्यात १,२४७ 'क्लिमा' आहेत. शब्द ऐकून हवामान आठवेल, पण इथे क्लिमा म्हणजे स्वतःचं नाव असलेला, हद्द ठरलेला बागेचा तुकडा. आपल्याकडे सातबाऱ्यावर गट नंबर असतो; तिथे प्रत्येक तुकड्याला शेकडो वर्षं जुनं नाव आहे आणि तेच नाव बाटलीवर छापलं जातं. २०१५ मध्ये युनेस्कोने या क्लिमांना जागतिक वारशाचा दर्जा दिला.

उतार वाचायचा कसा?

सायकल रस्त्याच्या कडेला लावा आणि टेकडीकडे तोंड करून उभे राहा. सगळ्यात वर झाडी दिसेल. तिथे माती इतकी पातळ, की खडक उघडा पडलेला असतो. सगळ्यात खाली, मुख्य रस्त्याच्या पलीकडे सपाट मैदान. तिथे माती खोल आणि जड, पाणी साचतं, आणि वसंतात थंड हवा खाली उतरून बसते, त्यामुळे कोवळ्या फुटव्यांवर दहिवर गोठण्याची भीती जास्त.

मधला पट्टा सगळ्यात भाग्यवान. इथे चुनखडी आणि चिकणमाती मिसळलेली असते. पाणी थांबत नाही, पण मुळं खडकाच्या भेगांतून खोल ओल शोधतात. उतार पूर्वेकडे असल्याने सकाळचं पहिलं ऊन थेट मिळतं. हा चुनखडक ज्युरासिक काळातला आहे. तेव्हा इथे उथळ समुद्र होता, त्यामुळे दगडात समुद्री जिवांचे अवशेष सापडतात.

याच हिशेबाने वाईनच्या चार पायऱ्या पडल्या. सपाटीवरची बहुतेक वाईन नुसत्या 'बुर्गोन्य' या प्रादेशिक नावाने विकली जाते. तिच्या वर गावाच्या नावाची वाईन. त्याच्या वर 'प्रमिये क्र्यु', म्हणजे पहिल्या प्रतीचा तुकडा. आणि सगळ्यात वर 'ग्रां क्र्यु'. संपूर्ण बर्गंडीत ग्रां क्र्यु फक्त ३३, आणि एकूण उत्पादनात त्यांचा वाटा एक टक्क्याच्या आसपास.

या पायऱ्या दाखवायला जेव्रे-शांबेर्तां गावाजवळचा डी-१२२ हा छोटा रस्ता सगळ्यात सोपा. दक्षिणेकडे जाताना उजव्या हाताला, चढावर 'शांबेर्तां' आणि 'क्लो द बेझ'. डाव्या हाताला, उताराकडे 'शार्म', 'ग्रियोत' आणि 'शापेल'. दोन्ही बाजू ग्रां क्र्यु, पण वरच्या बाजूचा मान आणि भाव जास्त. मध्ये आहे फक्त एक अरुंद डांबरी रस्ता, ज्यावरून तुम्ही पायडल मारत असता.

या नावाचं वजन किती? गावाचं मूळ नाव नुसतं जेव्रे. १८४७ मध्ये त्याने आपल्या सगळ्यात प्रसिद्ध बागेचं नाव स्वतःला जोडून घेतलं. पुढे आसपासच्या बऱ्याच गावांनी तेच केलं. वोनने रोमाने जोडलं, प्युलिन्यी आणि शासान्य या दोघांनी मोंराशे जोडलं, कारण मोंराशे ही बाग दोन्ही गावांच्या शिवेवर आहे!

या रेषा आखल्या कुणी?

मोठा वाटा ख्रिस्ती मठांचा. १०९८ मध्ये दिजोंच्या दक्षिणेला सितो इथे एक मठ स्थापन झाला. सिस्टर्शियन पंथाची सुरुवात इथलीच. प्रार्थनेसोबत शेतात राबणं हा त्यांच्या नियमाचा भाग होता. पिढ्यान्पिढ्या तेच तुकडे कसताना कुठलं द्राक्ष आधी पिकतं, कुठे पाणी साचतं, कुठली वाईन टिकते याची माहिती साठत गेली. त्यांनी वूजो इथे सुमारे पन्नास हेक्टरच्या बागेला दगडी भिंत घातली. हीच 'क्लो द वूजो'. 'क्लो' म्हणजे भिंतीने बंद केलेली बाग.

मग सत्तेचा हात आला. १३९५ मध्ये बर्गंडीचा ड्यूक फिलिप द बोल्ड याने फर्मान काढलं की गामे जातीच्या वेली उपटून टाका. गामेला घड भरपूर लागायचे, पण वाईन त्याच्या मते हलकी. त्यामुळे पिनो न्वारला इथे मोकळं रान मिळालं. गामे पुढे दक्षिणेला बोजोलेमध्ये रुजला आणि तिथे त्याचं चांगलं चाललं.

१७८९ च्या फ्रेंच राज्यक्रांतीनंतर चर्चच्या जमिनी सरकारजमा होऊन विकल्या गेल्या. त्यानंतर नेपोलियनच्या कायद्याने वारसांमध्ये समान वाटणीचा नियम आणला. पुढचं मराठी माणसाला समजावून सांगायला नकोच. भावाभावांच्या वाटण्या, त्यांच्या मुलांच्या वाटण्या, आणि एका बांधाचे चार बांध. आज क्लो द वूजो या एकाच बागेचे सुमारे ऐंशी मालक आहेत. कुणाकडे मोजक्याच ओळी.

इथे एक गंमत बघण्यासारखी आहे. क्लो द वूजोचा वरचा भाग कोरड्या चुनखडीवर आहे आणि खालचा भाग थेट मुख्य रस्त्याला टेकलेला, जड मातीचा. पण भिंतीच्या आतलं सगळं ग्रां क्र्यु! म्हणजे इथे हद्द जमिनीने ठरवलेली नाही, मठाच्या भिंतीने ठरवली. सायकलने या भिंतीला पूर्ण फेरी मारली की उतारातला फरक आपोआप कळतो.

कायद्याचा शिक्का सगळ्यात शेवटी बसला. १९३५ मध्ये फ्रान्सने एओसी पद्धत आणली. कुठल्या हद्दीत, कुठल्या जातीचं, किती उत्पादन घेतलं तर कुठलं नाव वापरता येईल, हे तिने ठरवलं. आपल्याकडे 'नाशिक व्हॅली वाईन'ला मिळालेलं भौगोलिक मानांकन याच विचाराचं भावंड आहे.

सायकलचा मार्ग कसा आखायचा?

नवख्या सायकलस्वारालाही झेपेल असा एक मार्ग इथे देतोय. दिजोंपासून माकोंपर्यंत, साधारण १७० किलोमीटर, पाच ते सहा दिवसांत निवांत.

*टप्पा १: दिजों ते बोन.* शहराबाहेर पडलं की डी-१२२ धरायचा. १९३७ मध्ये सुरू झालेला 'रूत दे ग्रां क्र्यु' हा पर्यटन मार्ग याच गावांतून जातो. जेव्रे-शांबेर्तां, मोरे, शांबोल, वूजो, वोन, न्वी-सां-जॉर्ज अशी गावं एकामागून एक लागतात. समांतर जाणारा डी-९७४ हा मोठा रस्ता शक्यतो टाळा. तिथे ट्रकची वर्दळ असते. न्वीच्या पुढे कोंब्लांशियां गावाजवळ दगडखाणी लागतील. बागांखालचा चुनखडक इथे उघडा दिसतो. पॅरिसच्या प्रसिद्ध ऑपेरा गार्निये इमारतीतही इथला दगड वापरला आहे.

*बोनमध्ये मुक्काम.* इथलं 'ओतेल-द्यो' चुकवू नका. नाव हॉटेलसारखं वाटतं, पण हे इस्पितळ. १४४३ मध्ये ड्यूकचा चॅन्सलर निकोला रोलां आणि त्याची पत्नी गिगोन द सालां यांनी गरिबांसाठी ते सुरू केलं. रंगीत कौलांच्या नक्षीचं त्याचं छप्पर म्हणजे बर्गंडीची ओळख. विशेष म्हणजे १९७१ पर्यंत या इमारतीत रुग्णसेवा चालू होती.

श्रद्धाळू लोक या इस्पितळाला बागा दान करत गेले. आज संस्थेकडे सुमारे साठ हेक्टर बागा आहेत. १८५९ पासून तिच्या वाईनचा जाहीर लिलाव होतो. आता तो नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी भरतो आणि मिळकत इस्पितळासाठी वापरली जाते.

*टप्पा २: बोन ते सांतने.* हा 'व्हवा दे व्हीन्य', म्हणजे द्राक्षबागांची वाट. लांबी सुमारे बावीस किलोमीटर. एकच दिवस हाताशी असेल तर हाच टप्पा करा. पोमार, वोल्ने, मर्सो, प्युलिन्यी, शासान्य, सांतने असा तो जातो. मोटारींची गर्दी नाही. पण ही वाट मुळात बागेत काम करणाऱ्यांची आहे, त्यामुळे ट्रॅक्टर समोरून आला तर तुम्ही बाजूला व्हायचं. तिथला ट्रॅक्टरही बघण्यासारखा: उंच पायांचा, वेलींच्या ओळीवर तंगड्या फाकून चालणारा. कारण वेली कमरेएवढ्या आणि ओळी फक्त मीटरभर अंतरावर. एका हेक्टरात सुमारे दहा हजार वेली. नाशिक-सांगलीच्या मांडवाखाली वावरलेल्या माणसाला ही बाग बुटकी आणि दाटीवाटीची वाटते.

प्युलिन्यीजवळ मोंराशेची भिंत लागते. क्षेत्र जेमतेम आठ हेक्टर. तिच्या खालच्या बाजूने रस्ता जातो आणि रस्त्यापलीकडे 'बातार-मोंराशे'. इथेही तीच गोष्ट: दोन्ही ग्रां क्र्यु, पण रस्ता ओलांडला की भाव उतरतो.

*टप्पा ३: सांतने ते शालों-स्युर-सोन.* आता बागा सोडून कालवा धरायचा. अठराव्या शतकाच्या शेवटी सुरू झालेला 'कनाल द्यु सांत्र' हा तो कालवा. पूर्वी घोडे नावा ओढत ज्या वाटेने चालायचे, तिथे आता सायकली चालतात. रस्ता सपाट, झाडांची सावली, अधूनमधून पाण्याची पातळी चढवणारी-उतरवणारी दारं. फ्रान्सच्या नांतपासून काळ्या समुद्रापर्यंत जाणारा 'युरोव्हेलो ६' हा सायकलमार्गही इथूनच जातो. शालों हे छायाचित्रणाचा जनक मानल्या जाणाऱ्या निसेफोर निएप्सचं जन्मगाव. दिवसाला शंभर फोटो काढणाऱ्या आपल्यासारख्यांनी त्याच्या नावाच्या संग्रहालयात डोकवायला हरकत नाही.

*टप्पा ४: जिव्री ते क्ल्युनी.* शालोंहून दहाएक किलोमीटरवर जिव्री. तिथून क्ल्युनीपर्यंत ४४ किलोमीटरची 'व्हवा व्हर्त', म्हणजे हिरवी वाट. ही फ्रान्समधली पहिली, १९९७ मध्ये खुली झाली. बंद पडलेल्या रेल्वेमार्गाचे रूळ काढून ती केली आहे. आगगाडीला तीव्र चढ चालत नाही, म्हणून सायकललाही तो लागत नाही. लहान मुलं, आजी-आजोबा सगळे या वाटेवर दिसतात.

क्ल्युनीला ९१० साली स्थापन झालेल्या मठाचे अवशेष आहेत. रोममधलं सेंट पीटर्स नव्याने उभं राहीपर्यंत इथलं चर्च ख्रिस्ती जगातलं सगळ्यात मोठं होतं. राज्यक्रांतीनंतर ते पाडून त्याचे दगड विकले गेले. आज थोडाच भाग उभा आहे, पण त्यावरून मूळ आकाराचा अंदाज येतो.

*टप्पा ५: क्ल्युनी ते माकों.* वाटेत 'ब्वा क्लेर' नावाचा सुमारे १.६ किलोमीटरचा जुना रेल्वे बोगदा लागतो. हिवाळ्यात तो वटवाघळांच्या झोपेसाठी बंद ठेवतात. तेव्हा डोंगरावरून जावं लागतं. बोगद्यात गारठा असतो, एक जाकीट हाताशी ठेवा. पुढे सोल्युत्रेचा उंच कडा आणि त्याखाली पुयी-फ्युइसेच्या बागा. इथल्या २२ क्लिमांना २०२० मध्ये प्रमिये क्र्युचा दर्जा मिळाला. म्हणजे हद्दी आखण्याचं काम अजून चालूच आहे.

माकोंहून स्थानिक रेल्वेने सव्वा तासाच्या आसपास पुन्हा दिजों.

अमेरिकेतून आलेली कीड आणि नाशिकचा धागा

आज दिसणाऱ्या जवळजवळ सगळ्या वेली कलमी आहेत, आणि त्याला कारण एक बारीक कीड. १८६० च्या दशकात अमेरिकेतून आलेल्या रोपांबरोबर फिलॉक्सेरा फ्रान्समध्ये शिरली. ती मुळांवर जगते. युरोपच्या वेलींना तिची सवय नव्हती आणि बागाच्या बागा वाळून गेल्या. उपाय अमेरिकेतच सापडला: तिथल्या जंगली वेलीचा खुंट घ्यायचा आणि त्यावर फ्रेंच द्राक्षाचं कलम बांधायचं.

रोमाने-कोंतीने मात्र जुन्या, बिनकलमी वेली औषधोपचार करत १९४५ पर्यंत जगवल्या. त्या वर्षी जेमतेम ६०० बाटल्या निघाल्या आणि मग वेली उपटल्या. पुढची वाईन आली ती १९५२ च्या हंगामाची. लिलावातल्या त्या १९४५ च्या बाटलीची किंमत एवढी का, त्याचं एक कारण हे.

आपल्याकडचा द्राक्ष बागायतदारही अमेरिकन खुंटावरच कलम बांधतो. 'डॉगरिज' हे नाव नाशिक-सांगलीत घरोघरी माहीत आहे. फक्त आपल्याकडे कारण पाण्याचा ताण आणि खारवट जमीन. दुसरा धागा बोर्डो मिश्रणाचा. मोरचूद आणि चुन्याची ही फवारणी १८८० च्या दशकात फ्रान्सच्याच बोर्दो भागात केवडा रोगावर उपाय म्हणून पुढे आली आणि नावही तिथलंच राहिलं. बर्गंडीत एखाद्या वेलीच्या पानांवर निळसर डाग दिसले, तर ते काय आहे हे द्राक्षपट्ट्यातल्या माणसाला सांगावं लागणार नाही.

वाईन चाखायची, की सायकल चालवायची?

'सायकलच आहे, पोलीस काय करणार?' असं समजू नका. फ्रान्समध्ये रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा लिटरमागे ०.५ ग्रॅम आहे आणि ती सायकलस्वारालाही लागू आहे. मर्यादा ओलांडली तर १३५ युरो दंड, ०.८ ग्रॅमच्या वर गेलं तर तो फौजदारी गुन्हा. साधारणपणे वाईनचा एक ग्लास रक्तातलं प्रमाण ०.२० ते ०.२५ ग्रॅमने वाढवतो. म्हणजे दोन ग्लासांतच तुम्ही काठावर येता, आणि शरीरयष्टी लहान असेल किंवा पोट रिकामं असेल तर त्याआधीच.

मग लोक करतात काय? चाखतात आणि थुंकतात. चाखण्याच्या टेबलावर त्यासाठी भांडं ठेवलेलं असतं. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. व्यापारीही तेच करतात. दुसरा मार्ग: दिवसभर सायकल, संध्याकाळी मुक्कामाच्या गावात पायी जाऊन चाखणं. आणि जे दारू घेत नाहीत त्यांनी या सहलीवर काट मारायची गरज नाही. वर सांगितलेल्या सगळ्या गोष्टी ग्लासाला हात न लावता बघता येतात.

छोट्या वाईन उत्पादकांकडे आधी वेळ ठरवून जावं. बरेचदा घरातलाच माणूस बागेत राबतो, तळघर सांभाळतो आणि पाहुण्यांना वाईनही तोच दाखवतो. तोडणीच्या दिवसांत त्याला श्वास घ्यायला फुरसत नसते. चाखणं फुकट असेल तर एखादी बाटली विकत घेणं ही तिथली रीत.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: बागेत पाय ठेवायचा नाही. बहुतेक बागांना कुंपण नाही, म्हणून त्या सार्वजनिक होत नाहीत. रोमाने-कोंतीच्या भिंतीवर तशी विनंती लिहिलेली आहे. २०१० मध्ये याच बागेच्या मालकांना वेलींवर विषप्रयोग करण्याची धमकी देऊन खंडणी मागितली गेली होती. पोलिसांनी सापळा लावून माणूस पकडला. रीलसाठी भिंतीवर चढणाऱ्याकडे गावकरी संशयाने बघतात, त्यामागे हेही आहे.

जाण्याआधीची तयारी

• हंगाम: मे-जून आणि सप्टेंबर-ऑक्टोबर उत्तम. जुलै-ऑगस्टमध्ये बागांत सावली नसते. हिवाळ्यात छाटणी चालते. छाटलेल्या काड्या ढकलगाडीवरच्या पिंपात जाळत जाणारी माणसं दिसतात.

• व्हिसा: भारतीयांना शेंगेन व्हिसा लागतो. १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय प्रवास विमा बंधनकारक. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. सायकलला लायसन्स लागत नाही.

• सायकल: इथून नेण्यापेक्षा दिजों किंवा बोनमध्ये भाड्याने घेणं सोपं. चढाची धास्ती असेल तर बॅटरीची सायकल घ्या. ती ताशी २५ किलोमीटरपर्यंतच मदत करते.

• रेल्वे: टीईआर नावाच्या स्थानिक गाड्यांत सायकल नेता येते, पण जागा मोजकी. सुट्टीच्या दिवशी थोडं लवकर स्टेशनवर पोचा.

• मुक्काम: 'आक्यय व्हेलो' अशी पाटी शोधा. सायकलमार्गापासून पाच किलोमीटरच्या आत असलेल्या, सायकल सुरक्षित ठेवायची सोय करणाऱ्या ठिकाणांना ती मिळते.

• रस्त्याचे नियम: गाड्या उजवीकडून चालतात. पहिला तास सांभाळा, विशेषतः वळताना. खूण नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. कानात इअरफोन किंवा हातात मोबाइल असेल तर १३५ युरो दंड. बारा वर्षांखालच्या मुलांना हेल्मेट सक्तीचं, पण मोठ्यांनीही घालावं. गावाबाहेर रात्री किंवा धुक्यात चमकणारं जाकीट हवंच.

• खाणं-पिणं: गावातली दुकानं दुपारी दोनेक तास बंद असतात. रविवारी दुपारनंतर आणि बऱ्याच ठिकाणी सोमवारीही कुलूप. सकाळीच पाव, चीज, फळं घेऊन ठेवा. इथली पारंपरिक पक्वान्नं मांसाची, गोगलगाईंची. शाकाहारी माणसाने आधी विचारलेलं बरं. 'गुजेर' हे चीजचे फुगीर गोळे मांसविरहित, पण त्यात अंडं असतं. पाणी भरताना नळावर 'नों पोताब्ल' लिहिलं असेल तर ते पिण्याचं नाही.

• बोलणं: दुकानात शिरताच आधी 'बॉन्जूर' म्हणा. थेट इंग्रजीत विचारणा केली तर उत्तर तुटक येतं. बॉन्जूरने सुरुवात केली तर तोच माणूस मदतीला येतो.

या रेषा उद्या टिकतील का?

बोनमध्ये द्राक्षतोडणी कधी सुरू झाली याच्या नोंदी १३५४ पासूनच्या आहेत. चर्चने तोडणी मजुरांना दिलेल्या मजुरीच्या वह्या, नगरपालिकेची कागदपत्रं यांतून संशोधकांनी त्या जुळवल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध केल्या. १३५४ ते १९८७ या काळात तोडणी सरासरी २८ सप्टेंबरला सुरू व्हायची. १९८८ ते २०१८ या एकतीस वर्षांत ती सरासरी तेरा दिवस आधी आली. २००३ च्या उष्णतेच्या लाटेत तर ऑगस्टमध्येच कात्र्या चालू लागल्या.

तोडणी लवकर, म्हणजे फुटवाही लवकर. आणि लवकर फुटलेली पालवी एप्रिलच्या थंडीत सापडते. एप्रिल २०२१ मध्ये तेच झालं. रात्ररात्र बागांत हजारो मेणबत्त्या पेटवूनही शार्दोनेचं मोठं नुकसान टळलं नाही. त्या रात्रींचे फोटो तुम्हीही कदाचित शेअर केले असतील. अंधारातल्या दिव्यांच्या त्या ओळी म्हणजे वर्षभराचं पीक वाचवायची धडपड होती.

मधला उतार सगळ्यात चांगला, हे गणित थंड काळात बसवलेलं आहे. ऊन वाढलं की वरच्या, गारव्याच्या जागांना महत्त्व येतं. टेकड्यांमागच्या 'ओत-कोत' या उंच भागाकडे आणि आजवर दुय्यम मानल्या गेलेल्या आलिगोते जातीकडे उत्पादक आता नव्याने बघू लागले आहेत. पण कायद्यातली हद्द जागची हलत नाही. ज्याचा तुकडा ज्या रेषेत आहे, त्याचं नाव आणि भाव त्याच रेषेला बांधलेला आहे.

म्हणून बर्गंडीत सायकलवर गेलात, तर प्रसिद्ध बागेच्या भिंतीजवळ फोटो काढून परत फिरू नका. आणखी थोडा चढ चढा, जिथे ग्रां क्र्यु संपतं आणि झाडी सुरू होते तिथपर्यंत. मागे वळून बघितलं की जंगल, बागा, रस्ता आणि मैदान अशा सगळ्या पायऱ्या एका नजरेत दिसतात. मग खाली उतरताना ब्रेक तपासून घ्या. उतार दिसतो त्यापेक्षा जास्त आहे.